पाळी थांबल्यानंतरच्या वाफा आणि ॲक्युपंक्चर: गुण सुईचा की आणखी कशाचा?

रातराणी५१:

माझी शेवटची पाळी येऊन चौदा महिने झाले. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात, त्या हिशेबाने मी पलीकडे पोहोचले आहे. पाळी गेल्याचे मला काहीच वाटत नाही. जीव नकोसा केला आहे तो वाफांनी. छातीच्या मध्यापासून सुरुवात होते, मग ती ऊब गळ्यावरून कानांपर्यंत चढते, चष्म्याच्या काचा खालच्या कडेने धुरकटतात, आणि तीन-चार मिनिटांत सारे ओसरले की घामाने भिजलेल्या पाठीला वारा लागून हुडहुडी भरते. दिवसा हे कसेबसे निभावता येते. रात्री मात्र पांघरूण भिरकावायचे, पुन्हा ओढून घ्यायचे आणि ओली उशी उलटी करायची, एवढ्यातच पहाट होते.

डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या होत्या. माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग होऊन गेल्यामुळे माझे मन धजावले नाही, आणि एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी ॲक्युपंक्चर सुरू केले. पाच आठवड्यांत आठ बैठका झाल्या आहेत. प्रत्येक वेळी बारा ते चौदा सुया असतात: घोट्याच्या आतल्या बाजूस चार बोटे वर, बेंबीच्या खाली, पावलावर अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात आणि मनगटाच्या करंगळीकडच्या कडेला. सुई शिरताना फारसे कळतही नाही, पण घोट्यावरच्या सुईला जरासा पीळ दिला की पोटरीत एक जड, बोथट कळ उतरते. मग पंचवीस मिनिटे मंद उजेडात निपचित पडून राहायचे.

आता मुद्द्याचे. सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे मी वाफांची नोंद ठेवली होती, तेव्हा चोवीस तासांतली सरासरी ११ होती. गेल्या आठवड्यात ती ६ वर आली. उपचार करणाऱ्या बाईंचे म्हणणे आहे की आणखी बारा बैठका घ्याव्यात. मला गुण आला आहे हे निश्चित. तो सुयांमुळे आला का, आणि पुढच्या बारा बैठका घेण्यात अर्थ आहे का, हे मात्र मला ठरवता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

तर्कटी:

आकडे मोजून ठेवल्याबद्दल आधी आभार मानतो, कारण या विषयावरच्या बहुतेक चर्चा ‘मला फरक पडला’ आणि ‘मला नाही पडला’ यांच्या धुमश्चक्रीत संपतात. आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. काहीच न करणाऱ्या बाईपेक्षा ॲक्युपंक्चर घेणाऱ्या बाईला बरे वाटते का, हा एक. आणि ते बरे वाटणे नेमक्या बिंदूवर त्वचेत शिरलेल्या सुईमुळे असते का, हा दुसरा. या दोघांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि सारा घोळ तिथेच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत चोख उत्तर ऑस्ट्रेलियातल्या चाचणीतून मिळते. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. दिवसाला किमान सात मध्यम तीव्रतेच्या वाफा येणाऱ्या ३२७ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले होते. एका गटाला आठ आठवड्यांत दहा वेळा खऱ्या सुया टोचल्या, तर दुसऱ्या गटाला बोथट टोकाच्या, त्वचेला टेकणाऱ्या पण आत न शिरणाऱ्या सुया लावल्या. दोन्ही गटांतल्या वाफा सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या आणि दोघांत फरक म्हणावा असा उरलाच नाही. सहा महिन्यांनंतरही दोन्ही गटांची सुधारणा टिकून होती. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१३ मधल्या आढाव्यात १६ चाचण्या आणि ११५५ स्त्रिया होत्या. त्याचाही सूर असाच आहे की काहीच न करण्यापेक्षा ॲक्युपंक्चर बरे दिसते, पण खोट्या सुयांपेक्षा ते सरस ठरत नाही.

आपल्याला जी घट दिसली ती ११ वरून ६, म्हणजे सुमारे ४५ टक्के आहे. बोथट सुयांनी मिळालेल्या घटीपासून ती फार दूर नाही, इतकेच तूर्त नोंदवतो.

सूक्ष्मसूची:

मी गेली अनेक वर्षे ॲक्युपंक्चरचा व्यवसाय करते, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकते. तर्कटी यांनी दिलेला ऑस्ट्रेलियाचा दाखला खरा आहे आणि तो आमच्या क्षेत्रात अनेकांना झोंबला. पण त्या चाचणीच्या शेजारी अमेरिकेतली त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी ठेवून पाहावी. तीत ४५ ते ६० वयाच्या २०९ स्त्रिया होत्या, सहा महिन्यांत वीसपर्यंत बैठका घेण्याची मुभा होती आणि कोणते बिंदू घ्यायचे ते उपचार करणाऱ्यावर सोपवले होते. सहा महिन्यांनी ॲक्युपंक्चरच्या गटात वाफांची संख्या ३६.७ टक्क्यांनी घटली, तर नुसत्या थांबून राहिलेल्या गटात ती ६ टक्क्यांनी वाढली. उपचार संपून आणखी सहा महिने लोटल्यावरही पहिल्या गटात २९.४ टक्क्यांची घट टिकून होती. आमच्याकडे येणाऱ्या बाईच्या समोर पर्याय असतो तो उपचार घेणे किंवा तसेच सोसत राहणे हा. बोथट सुया घेण्यासाठी कोणी दार ठोठावत नाही.

दुसरे असे की ‘खोटी’ सुई पुरती खोटी नसते. त्वचेवर टोक टेकवले, दाबले, तरी तिथल्या स्पर्शाच्या चेता जाग्या होतातच. साखरेची गोळी जशी निष्क्रिय असते तशी ती सुई निष्क्रिय नाही, आणि म्हणून तिच्याशी केलेली तुलना ही निष्क्रिय वस्तूशी केलेली तुलना नव्हे.

रातराणी५१ यांना घेतलेले बिंदू नेहमीचेच आहेत. चिनी वैद्यकात या अवस्थेला बहुधा मूत्रपिंडाच्या ‘यिन’ची, म्हणजे शरीराला गारवा देणाऱ्या तत्त्वाची, क्षीणता म्हणतात. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात स्त्रीचे आयुष्य सातासातांच्या टप्प्यांत मोजले आहे आणि सात साते एकोणपन्नास या वयात प्रजननक्षमता संपते असे म्हटले आहे. आजच्या सरासरी वयाच्या हे किती जवळ जाते ते पाहावे.

तर्कटी:

सूक्ष्मसूची, एकोणपन्नासचे निरीक्षण उत्तमच आहे. मात्र पाळी कधी जाते हे अचूक सांगितले म्हणून ती गेल्यावर काय करावे हेही अचूकच सांगितले असेल, असा अर्थ त्यातून निघत नाही. त्यातही ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत याच यिन-क्षीणतेचे निदान झालेल्या स्त्रिया घेतल्या होत्या. म्हणजे चिनी वैद्यकाने स्वतःच्या कसोटीवर निवडलेल्या रुग्णांतही सुई आत शिरण्याने काही वाढीव मिळाले नाही.

शंखपुष्पी:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आरोप-प्रत्यारोप पुढे जाण्याआधी वाफ म्हणजे शरीरात नेमके काय घडते ते सांगितले, तर कोणता उपचार कुठे पोहोचू शकतो हे समजायला मदत होईल.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचे तापमान राखणारी यंत्रणा असते. शरीराच्या आतले तापमान एका लहानशा पट्ट्यात वरखाली झाले तर ती यंत्रणा काही करत नाही. पट्ट्याच्या वर गेले तर घाम आणते आणि खाली गेले तर थरथर. वाफांचा त्रास नसलेल्या स्त्रियांमध्ये हा पट्टा सुमारे ०.४ अंश सेल्सियस रुंद आढळला, तर त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये तो जवळजवळ शून्यावर आलेला आढळला. त्यामुळे जिना चढल्याने किंवा खोली किंचित तापल्याने जी बारीकशी वाढ होते, तेवढीही मेंदूला धोक्याची घंटा वाटते. तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम आणतो, आणि गरज नसताना गारवा केल्यामुळे पाठोपाठ हुडहुडी भरते. रातराणी५१ यांनी वर्णन केलेला क्रम तंतोतंत हाच आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरल्यावर हायपोथॅलॅमसमधल्या ज्या चेतापेशींवरचा लगाम सुटतो, त्या न्यूरोकायनिन-बी हा संदेशवाहक वापरतात. फेझोलिनेटंट हे मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले बिगर-हार्मोन औषध त्याच संदेशाचा मार्ग अडवते. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, हे त्याचे दुखणे.

आता थोडे तारतम्य. इस्ट्रोजेन हाच आजही सर्वांत प्रभावी उपाय आहे: गोळ्यांच्या स्वरूपातल्या हार्मोन उपचारावरच्या कोक्रेन आढाव्यात वाफांची संख्या प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीच्या, तुलनेत सुमारे ७५ टक्क्यांनी घटली होती. पण त्याच आढाव्यातला दुसरा आकडा मला या धाग्यासाठी अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी निव्वळ प्लासिबो गोळ्या घेतल्या, त्यांच्याही वाफा सुरुवातीच्या मानाने सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. वाफ हे लक्षणच असे आहे की ते आपोआप चढते-उतरते, ताणाने वाढते आणि आश्वासनाने ओसरते. म्हणूनच ‘मला अमुक घेतल्यावर निम्म्याने फरक पडला’ हे वाक्य खरे असूनही पुरावा म्हणून तोकडे पडते, मग तो उपचार कोणताही असो.

उत्तर अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये बिगर-हार्मोन उपचारांविषयी जे निवेदन काढले, त्यात वाफांसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केलेली नाही. शिफारस आहे ती विशिष्ट पद्धतीच्या मानसोपचाराची, म्हणजे सीबीटीची, वैद्यकीय संमोहनाची आणि काही औषधांची. गंमत म्हणजे त्याच निवेदनाने योग, दीर्घश्वसन आणि सोयाबीन यांनाही वाफांसाठीच्या शिफारशीतून वगळले आहे, त्यामुळे सापत्नभाव फक्त सुयांच्याच वाट्याला आला असे समजू नये.

बहिणीच्या आजारामुळे हार्मोन वर्ज्यच आहेत, असे मात्र गृहीत धरू नका. ही भीती मुख्यतः २००२ साली अर्धवट थांबवलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीतून पसरली. तिच्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि संयुक्त हार्मोन गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचे दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे आठ जास्तीचे रुग्ण आढळले होते. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, अन्य अडचण नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत फायद्याचे पारडे बहुधा जड ठरते. आपल्या बहिणीला कोणत्या वयात आजार झाला आणि घराण्यात आणखी कोणाला झाला, यावर आपला निर्णय अवलंबून राहील. तो समोरासमोर बसूनच घ्यावा.

शेवटी एक विचारते: थायरॉइडची तपासणी झाली आहे का?

वाटसरू:

मी दहा बैठका घेतल्या आणि मला तसूभरही फरक पडला नाही. त्याचे वाईट वाटले नाही, कारण प्रत्येक औषध प्रत्येकाला लागू पडतेच असे नाही. वाईट वाटले ते नंतरच्या बोलण्याचे. दहावी बैठक संपल्यावर मला सांगण्यात आले की माझे मन ‘बंद’ आहे, मी चहाची वेळ पाळत नाही, मध्ये एकदा चार दिवसांचा खंड पडला, आणि म्हणून सुयांना त्यांचे काम करता आले नाही. गुण आला तर सुईचा आणि नाही आला तर दोष माझा, हा न्याय मला पटलेला नाही.

सूक्ष्मसूची:

वाटसरू, आपल्याशी जे बोलले गेले ते अयोग्य होते आणि माझ्या व्यवसायातल्या कोणी ते बोलावे याची मला लाज वाटते. मी वर जिचा उल्लेख केला त्याच अमेरिकी चाचणीचे पुढे आणखी बारकाईने विश्लेषण झाले, आणि त्यात उपचार घेतलेल्या स्त्रियांचे चार गट दिसले. सुमारे १२ टक्के स्त्रियांच्या वाफा तब्बल ८५ टक्क्यांनी उतरल्या, सर्वांत मोठ्या म्हणजे सुमारे ४७ टक्क्यांच्या गटात त्या जवळपास निम्म्यावर आल्या, ३७ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांना दहा टक्क्यांचाही फरक पडला नाही, आणि सुमारे ४ टक्के स्त्रियांच्या वाफा दुप्पट झाल्या. म्हणजे दहातल्या चार जणींची गत आपल्यासारखीच झाली होती, आणि त्या सगळ्यांनी चहाची वेळ चुकवली असेल असे मला वाटत नाही.

या चाचणीतून मी स्वतः एक नियम घेतला आहे. जास्तीत जास्त लाभ साधारण आठ बैठकांपर्यंत दिसून आला होता, म्हणून आठ बैठकांनंतरही वहीत फरक दिसत नसेल तर मी रुग्णाला थांबायला सांगते. रातराणी५१ यांना आठ बैठकांत फरक दिसला आहे. पण आणखी बारा बैठकांनी तेवढाच फरक पुन्हा पडेल असे आश्वासन मी तरी देणार नाही.

मधुमालती:

माझी पाळी औषधोपचारांमुळे वेळेआधीच गेली. स्तनाच्या कर्करोगानंतर मी टॅमॉक्सिफेन हे औषध घेते आणि वाफा हा त्याचाही परिणाम आहे. माझ्यासारखीला इस्ट्रोजेन देत नाहीत. पॅरॉक्सेटिन नावाचे जे औषध वाफांवर देतात तेही टॅमॉक्सिफेनसोबत टाळतात, कारण ज्या विकरामुळे टॅमॉक्सिफेन शरीरात कार्यक्षम रूप घेते, त्यालाच ते अडवते. पर्यायांची यादी अशी आखडत गेली की माणूस सुयांकडे वळतो, ते काही अंधश्रद्धेपोटी नव्हे.

अशाच १२० स्त्रियांवर केलेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी माझ्या कर्करोगतज्ज्ञांनी मला दाखवली होती. तीत चार गट होते: सुयांमधून सौम्य विद्युत्प्रवाह सोडलेले ॲक्युपंक्चर, खोटे ॲक्युपंक्चर, गॅबापेंटिनच्या गोळ्या आणि प्लासिबो गोळ्या. आठ आठवड्यांनंतर सर्वाधिक सुधारणा विद्युत-ॲक्युपंक्चरच्या गटात होती, त्याखालोखाल खोट्या ॲक्युपंक्चरच्या गटात, तिसरा क्रमांक गॅबापेंटिनचा आणि शेवटचा प्लासिबो गोळ्यांचा. खोटी सुई अस्सल गोळीच्या पुढे होती आणि खोटी गोळी सर्वांत मागे. चोविसाव्या आठवड्यातही दोन्ही सुयांच्या गटांतली सुधारणा टिकली होती, गॅबापेंटिनच्या गटातली बरीचशी विरली होती. मला गॅबापेंटिनने दिवसभर गुंगी यायची, त्यामुळे मी सुया निवडल्या. वाफा गेल्या नाहीत, पण रात्री चार वेळा उठायची ती आता दोन वेळा उठते.

एक सावधगिरी सांगते. माझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या आहेत, म्हणून त्या हातावर सुई टोचू देत नाही. हे मला पहिल्या दिवशी स्वतःहून सांगावे लागले. कोणी विचारले नव्हते.

तर्कटी:

मधुमालती, आपला प्रतिसाद वाचून मला माझी भाषा थोडी मवाळ करावीशी वाटते. आपण सांगितलेली चाचणी लहान आहे, पण तीत दिसणारी उतरंड मला विचारात पाडते. प्लासिबोंमध्येही लहानमोठे असतात, आणि सुईचा प्लासिबो गोळीच्या प्लासिबोपेक्षा दांडगा असतो.

याच्याशी जुळणारा एक प्रयोग वाफांवरचा नसून आतड्यांच्या एका चिवट विकारावरचा आहे. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या २६२ रुग्णांपैकी एका गटाला नुसते प्रतीक्षायादीत ठेवले, दुसऱ्याला मुखस्तंभ बसून खोट्या सुया लावल्या, आणि तिसऱ्याला त्याच खोट्या सुया लावताना आपुलकीने, वेळ देऊन, त्यांचे बोलणे ऐकून घेत लावल्या. पुरेसा आराम पडल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. सुई तिन्ही गटांत कोणालाच टोचली नव्हती.

म्हणून सूक्ष्मसूची यांना माझे म्हणणे असे आहे: आपल्याकडे येणाऱ्या बाईला बरे वाटते हे मी नाकारत नाही. तिला सुईचा बिंदू अर्धा इंच चुकल्याने काही बिघडले असते का, याविषयी मात्र मला दाट शंका आहे. आणि तसे असेल तर तिला यिन, मार्ग, बिंदू यांचे शास्त्र ज्या ठामपणाने सांगितले जाते तो ठामपणा कमी व्हायला हवा.

सूक्ष्मसूची:

ठामपणाबद्दल मी अर्धे मान्य करते. उरलेल्या अर्ध्याबद्दल इतकेच, की अर्धा इंच चुकलेली सुई आणि बरोबर पडलेली सुई यांतला फरक हाताला कळतो, रुग्णालाही कळतो. रातराणी५१ यांनी लिहिलेली पोटरीतली जड कळ ती हीच. तिचा वाफांशी संबंध आहे की नाही हे चाचण्यांनी ठरवावे, पण ती कळ कल्पनेतली नाही.

सुरक्षिततेविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून सांगते. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या नोंदी ठेवून एक पाहणी झाली होती. त्यांतल्या ८.६ टक्के जणांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना टोचल्या जागी रक्त येणे किंवा काळेनिळे पडणे एवढाच. दोघांच्या बाबतीत मात्र फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरली. छाती आणि खांदे यांवर सुई कोण टोचत आहे हे म्हणून पाहावे. सुया एकदाच वापरायच्या आणि पाकीट आपल्यासमोर फोडलेले असावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी सांगावे, आणि पेसमेकर असेल तर विद्युत-ॲक्युपंक्चर घेऊ नये.

रातराणी५१:

सर्वांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. थायरॉइडची तपासणी झाली नव्हती, ती काल करून घेतली, ठीक आली.

माझी जुनी वही काढून बसले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती माझ्या बाजूची नाही. ज्या दोन आठवड्यांची सरासरी ११ आली होती, ते दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट होते. कामाचा एक मोठा अहवाल अंगावर होता आणि रात्री चार तास झोप मिळत नव्हती. त्रास अगदी कळसाला पोहोचला तेव्हाच मी नोंद सुरू केली आणि उपचारही तेव्हाच शोधला. कळसावरून कुठेही गेले तरी खालीच जाणार होते. त्याआधीच्या महिन्यात मोजले असते तर कदाचित ८ आले असते. शिवाय आठवड्यातून एकदा-दोनदा मी पंचवीस मिनिटे फोन बंद ठेवून पडून राहत होते, जे मी गेल्या वीस वर्षांत केलेले नाही.

तेव्हा असे ठरवले आहे की चार आठवडे सुया बंद ठेवायच्या, वही चालू ठेवायची, आणि बैठकीच्या वेळी घरीच दार लावून तितकाच वेळ पडून राहायचे. हा प्रयोग एकाच बाईवरचा आहे आणि तिला सारे ठाऊक आहे, हे तर्कटी यांनी सांगण्याआधी मीच कबूल करते.

तर्कटी:

सांगणारच होतो.

शंखपुष्पी:

प्रयोग अवश्य करा, पण तो चालू असताना दोन गोष्टींची वाट पाहू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर अंगावरून एक थेंबही लाल गेले, तर ते पाळी परत आल्याचे लक्षण मानू नये. गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी लगेच करून घ्यावी. आणि रात्रीच्या घामासोबत ताप किंवा वजन घटणे असेल, तर ती रजोनिवृत्तीची वाफ नव्हे असे समजून दुसरे कारण शोधावे लागते. योनीचा कोरडेपणा आणि हाडांची झीज यांवर सुयांचा उपयोग होईल या आशेवर राहू नये. वाफा बऱ्याचदा काही वर्षांनी निवतात, पण कोरडेपणा आपोआप जात नाही आणि त्यासाठी जागेवर लावायच्या इस्ट्रोजेनची मात्रा फार कमी असते. वाफा ‘काही वर्षांनी’ निवतात असे मी म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या एका दीर्घकालीन पाहणीतला ७.४ वर्षांचा मध्यांक असतो. त्यामुळे ‘थोडे दिवस सोसा’ हा सल्ला मी कोणालाही देत नाही.

रातराणी५१:

चार आठवड्यांऐवजी पाच आठवडे झाले, म्हणून उशिरा लिहिते आहे. सुया बंद केल्यावर पहिल्या आठवड्याची सरासरी ६, दुसऱ्याची ७, तिसऱ्याची ८, चौथ्याची ७ आणि पाचव्याची ७ आली. तिसऱ्या आठवड्यात घरी पाहुणे होते, पडून राहणे दोनदा चुकले. ११ वर काही परत गेले नाही. हा सुयांचा टिकून राहिलेला परिणाम, की मुळात ११ हा आकडाच अपवादाचा होता, हे माझ्या वहीवरून कळण्यासारखे नाही.

दरम्यान मी डॉक्टरांकडे जाऊन बहिणीचा इतिहास नीट सांगितला. बहिणीला आजार एकोणसत्तराव्या वर्षी झाला आणि घराण्यात आणखी कोणाला झालेला नाही, हे ऐकल्यावर त्यांनी हार्मोनचा पर्याय पुन्हा मांडला आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्टीविषयी समजावून सांगितले. मी विचाराला महिनाभराचा वेळ मागून घेतला आहे. बारा बैठका एकदम घेणार नाही. महिन्यातून एकदा जाईन, आणि त्यामागे मला ती पंचवीस मिनिटे आवडतात एवढेच कारण आहे, असे उपचार करणाऱ्या बाईंना सांगितले. त्यांनी ते सहजपणे घेतले.

वाटसरू:

रातराणी५१, मीही आता सीबीटी सुरू करणार आहे आणि या वेळी आधीपासून मोजायचे ठरवले आहे. आपण वहीत नेमके काय लिहिता, ते सांगाल का? मी मागे प्रयत्न केला होता, पण रात्रीच्या वाफा सकाळी आठवत नाहीत.

रातराणी५१:

रात्रीच्या आठवत नाहीतच, म्हणून मी उशाशी वाटी आणि वीस मोठी बटणे ठेवते. जाग आली की दिवा न लावता एक बटण वाटीत टाकायचे आणि सकाळी मोजायची. दिवसासाठी वहीच्या पानावर चार रकाने आहेत: वेळ, तीव्रता एक ते तीन, घाम कपड्यांतून बाहेर आला की नाही, आणि त्या आधीच्या तासात काय चालले होते. तीव्रता ठरवायची युक्ती अशी की हातातले काम चालू राहिले तर एक, हात थांबला तर दोन, आणि उठून खिडकीशी जावे लागले तर तीन. चौथा रकाना सुरुवातीला रोज भरायचे, आता तीव्रता तीन असेल तेव्हाच भरते. सुरू करण्याआधी किमान चार आठवडे मोजा. माझ्यासारखे दोनच मोजू नका, आणि तेही सर्वांत वाईट दोन तर नकोतच.